दूरसंचार जाळ्याचा अभियंता : काल्हेरच्या गोदामापासून पुढची वाट

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुलामुलींनी पुढे काय करावे, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. अलीकडे त्याला एक उत्तर वारंवार ऐकू येते : 'नेटवर्किंगला घाला.' नेटवर्किंग म्हणजे नेमके काय, त्यात शिरावे कोठून, दहा वर्षांनी माणूस कोठवर पोहोचतो आणि क्लासच्या फलकावरील 'शंभर टक्के नोकरी' या शब्दांत तथ्य किती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. या लेखात आम्ही तेवढेच सांगण्याचा प्रयत्न करणार आहोत. उदाहरणासाठी आम्ही भिवंडी तालुक्यातील काल्हेर हे गाव घेतले आहे.

ठाण्याहून बाळकुम नाका मागे टाकून कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी, काल्हेर, पूर्णा ही गावे एकामागून एक लागतात. खाडीकाठच्या या जुन्या गावांची ओळख आता गोदामांनी घडवली आहे. मुंबई-ठाण्याच्या बाजारपेठेला लागणारा माल येथे उतरतो, साठवला जातो आणि पुन्हा गाडीत भरला जातो. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्ग ५ वर काल्हेर हे एक स्थानक आहे. त्या कामाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये कल्याण येथे झाले.

गोदामात काम करणारा मुलगा हाती स्कॅनर घेऊन खोक्यावरील पट्ट्यांचा कोड वाचतो. तो आकडा बिनतारी लहरींवरून छताजवळच्या एका पांढऱ्या डबीकडे जातो. तिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तेथून तो तारेने स्विचकडे, स्विचकडून राउटरकडे आणि राउटरकडून काचेच्या तंतूमधून बाहेरच्या जगात जातो. माल कोणत्या फळीवर आहे व कोणत्या गाडीत भरायचा आहे, हे दूरच्या संगणकाला अशा रीतीने कळते. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठविण्यास ई-वे बिल आवश्यक झाले, आणि तेही संगणकावरच निघते. साहजिकच जाळे बंद पडले की स्कॅनर थांबतात, बिले थांबतात आणि गाड्यांची रांग रस्त्यावर येते. अशा वेळी ज्याला बोलावले जाते तो नेटवर्क इंजिनीअर.

गोदामातील बिनतारी जाळे बसविणे हे वरवर दिसते तितके सोपे नाही. रिकाम्या गोदामात चाचणी घेतली तर सर्व कोपऱ्यांत लहरी उत्तम पोहोचतात. पुढे लोखंडी मांडण्या उभ्या राहतात आणि त्यांवर माल चढतो. लोखंड लहरी परतवून लावते, तर पाण्याच्या बाटल्या, शीतपेये, तेलाचे डबे असा द्रवयुक्त माल त्या शोषून घेतो. त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी चाललेले जाळे महिन्याभराने मधल्या गल्लीत मरून पडते. अननुभवी माणूस तेथे आणखी चार डब्या लावतो. त्या डब्या एकाच वाहिनीवर एकमेकींच्या बोलण्यात बोलू लागतात आणि दुखणे वाढते. जाणकार मात्र माल कोणता येणार व मांडणी किती उंच असणार हे आधी विचारतो, डब्यांना दिशादर्शक अँटेना लावून त्या गल्लीच्या रेषेत वळवतो आणि शक्ती कमी करून वाहिन्या वाटून देतो. पुस्तक दोघांनीही तेच वाचलेले असते. प्रकाशाचे परावर्तन व शोषण हा नववी-दहावीच्या विज्ञानातील भाग आहे, आणि त्याचा पगार येथे मिळतो.

दुसरे उदाहरण रस्त्यावरचे घेऊ. रस्त्यासाठी किंवा पुलाच्या खांबासाठी खोदकाम सुरू झाले की जमिनीखालची केबल तुटणे हा नित्याचा प्रकार असतो. केबलमधील काचेच्या तंतूची जाडी १२५ मायक्रॉन असते, म्हणजे जाडसर केसाइतकी. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. चांगल्या तंतूत दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल प्रकाश घटतो. तीन डेसिबल म्हणजे निम्मे, म्हणून सुमारे पंधरा किलोमीटर गेल्यावरही अर्धा प्रकाश शिल्लक असतो. केबल तुटली की अभियंता एका टोकाला ओटीडीआर नावाचे यंत्र जोडतो. यंत्र प्रकाशाचा अतिसूक्ष्म ठोका पाठवते आणि तुटलेल्या टोकावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीची वेळ मोजते. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. ठोका ४० मायक्रोसेकंदांत परतला, तर जाण्यास त्याला २० मायक्रोसेकंद लागले, म्हणजे तूट चार किलोमीटरवर आहे. गणित सातवीच्या मुलालाही सुटेल असे आहे.

खरी कसोटी त्यानंतरची. यंत्र सांगते ते चार किलोमीटर तंतूचे असतात, रस्त्याचे नव्हेत. केबल टाकताना प्रत्येक चेंबरमध्ये पुढच्या दुरुस्तीसाठी वीस-तीस मीटरचे वेटोळे ठेवलेले असते, आणि केबलच्या आवरणातही तंतू थोडा सैल असतो. हा हिशेब वजा न करता कोणी मोटारसायकलने बरोबर चार किलोमीटर जाऊन खोदू लागला, तर तो भलतीच जागा उकरील. ज्याने जुन्या नकाशावर चेंबरांची व वेटोळ्यांची नोंद नीट ठेवली, तो अर्ध्या तासात जागेवर पोहोचतो. मग चिखल पुसून, दोन तंतूंची टोके सरळ कापून, विद्युत ठिणगीने वितळवून जोडायची. चांगल्या जोडात ०.१ डेसिबलहून कमी प्रकाश वाया जातो. पावसाळ्यात ताडपत्रीखाली बसून हे करणाऱ्या जोडकाऱ्याला आपण 'केबलवाला' म्हणून मोकळे होतो. आमच्या मते त्याच्या हातांना सोनाराच्या हातांइतका मान मिळावयास हवा.

या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर त्यातील स्थैर्य व अस्थैर्य दोन्ही दिसते. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झाले. पुढे शंभर वर्षे तांब्याच्या तारा आणि खटखट फिरणारी यांत्रिक एक्स्चेंजे यांवर काम चालले. जुने तंत्रज्ञ यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखत. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने बनविलेले, वातानुकूलनाशिवाय धुळीत व उन्हात चालणारे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे प्रथम बसविण्यात आले. त्याच वर्षी १ एप्रिलला मुंबई व दिल्ली यांसाठी महानगर टेलिफोन निगम अस्तित्वात आले, आणि १ ऑक्टोबर २००० रोजी उर्वरित देशासाठी भारत संचार निगम. दरम्यान, ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाइल संवाद झाला, तर त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. (जाता जाता एक नोंद. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये दूरसंचार क्षेत्रासाठी देवदूत गाब्रिएल यांना आश्रयदाते म्हणून घोषित केले. निरोप जसाच्या तसा पोहोचविणाऱ्याची निवड करण्यात मोठेच औचित्य होते.)

आपल्या आईवडिलांच्या पिढीला टेलिफोन खात्यातील नोकरी म्हणजे जन्माची निश्चिंती वाटे. २०१९ मध्ये सरकारने पन्नाशी गाठलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली, तेव्हा भारत संचार निगममधून सुमारे ७८ हजार आणि महानगर टेलिफोन निगममधून सुमारे १४ हजार जणांनी ती स्वीकारली. जानेवारी २०२० अखेर ते एकाच वेळी घरी बसले. खासगी क्षेत्रही याहून स्थिर नव्हते. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टू-जी स्पेक्ट्रमचे १२२ परवाने रद्द केले आणि काही कंपन्यांचे बिऱ्हाडच उठले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर उरलेल्यांपैकी काही बंद पडल्या, काही एकमेकींत विलीन झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या.

या उलथापालथीत टिकले कोण, हे पाहणे उद्बोधक आहे. ज्यांना एकाच कंपनीच्या एकाच यंत्राची बटणे ठाऊक होती, त्यांना यंत्राबरोबर जावे लागले. ज्यांना लहर कशी जाते, आकडा कसा वाटेला लागतो, बिघाड अर्धा-अर्धा करीत कसा शोधावा हे उमगले होते, ते तांब्यावरून काचेवर आणि काचेवरून फाइव्ह-जीवर गेले. भारतात फाइव्ह-जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये भारत संचार निगमने सी-डॉट, तेजस व टीसीएस यांच्या सहकार्याने उभारलेले स्वदेशी फोर-जी जाळे सुरू केले. ज्या खात्यातून हजारो माणसे बाहेर पडली, त्याच खात्याला काही वर्षांनी नव्या विद्येच्या माणसांची गरज भासली.

आता वाटेविषयी. दहावीनंतर आयटीआयमधील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ही पहिली वाट. घरची परिस्थिती बेताची असेल तर हिच्याकडे कमीपणाने पाहू नये. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे व त्याखाली विद्यावेतनासह उमेदवारी मिळू शकते. दुसरी वाट तीन वर्षांच्या पदविकेची, म्हणजे डिप्लोमाची. आमचा कल हिच्याकडे आहे. सोळाव्या वर्षापासून हात यंत्रावर बसतो, आणि गुण चांगले असल्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षास प्रवेश मिळतो. तिसरी वाट बारावी विज्ञान, प्रवेश परीक्षा आणि चार वर्षांची पदवी. इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार ही शाखा त्यासाठी सरळ, परंतु संगणक अथवा माहिती तंत्रज्ञान शाखेचे पदवीधरही या क्षेत्रात मोठ्या संख्येने येतात. वांद्रे येथील फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज, वाशीचे फादर रॉड्रिग्ज, बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस, कुर्ल्याचे डॉन बॉस्को आणि माहीमचे झेवियर ही आपल्या लोकांच्या परिचयाची अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. नाव पाहून धावण्यापूर्वी त्या वर्षी कोणती शाखा चालू आहे व शुल्क किती, याची चौकशी महाविद्यालयात जाऊन करावी. अल्पसंख्याक कोट्याविषयीही तेथेच विचारावे.

पदवी वा पदविका हाती आल्यावर पहिली नोकरी बहुधा दोन ठिकाणी मिळते. एक रस्त्यावर : केबल, टॉवर, ग्राहकाचे घर. दुसरी जाळे नियंत्रण कक्षात. त्याला या व्यवसायात 'नॉक' म्हणतात. तेथे भिंतभर पडद्यांवर हजारो यंत्रांची स्थिती दिसत असते. एखादे यंत्र लाल झाले की पहिल्या पायरीचा, म्हणजे एल-वनचा कर्मचारी तक्रारीची नोंद करतो, ठरलेली तपासणी करतो आणि न सुटल्यास एल-टूकडे पाठवतो. एल-टू कारण शोधतो. एल-थ्री ते कारण पुन्हा उद्भवू नये म्हणून जाळ्याची रचना बदलतो. त्याच्याही वर जाळे मुळात कसे असावे हे आखणारा, ज्याला आर्किटेक्ट म्हणतात. एल-वन ते एल-थ्री हा प्रवास साधारणपणे सहा ते दहा वर्षांचा असतो. कोणी तो लवकर करतो, कोणी एल-वनमध्येच दशक काढतो.

हे दशक काढणे आता धोक्याचे झाले आहे. लाल झालेल्या यंत्राची नोंद करणे व ठरलेल्या चार आज्ञा देऊन पाहणे, हे काम संगणकाचा कार्यक्रमच करू लागला आहे. त्यामुळे नव्या मुलाने पायथनसारखी एखादी संगणकीय भाषा शिकणे क्रमप्राप्त आहे. दोनशे स्विचवर एकच बदल करायचा असेल तर हाताने करणारा रात्र घालवतो व एखादी चूकही करून बसतो, आणि वीस ओळींचा कार्यक्रम लिहिणारा तेच काम काही मिनिटांत आटोपतो. अर्थात त्याच्या वीस ओळींत चूक असेल तर दोनशे स्विच एकदम बंद पडतात. म्हणून आधी प्रयोगशाळेत चालवून पाहणे आणि बदल उलटवण्याची तयारी ठेवणे, ही शिस्त येथे जीवापाड जपली जाते.

वेळेविषयी पालकांना स्पष्ट कल्पना असावी. ग्राहकाला ९९.९ टक्के अखंड सेवेचे वचन दिले तर वर्षात सुमारे पावणेनऊ तासच जाळे बंद राहू शकते. ९९.९९९ टक्के म्हटले तर अवघी सव्वापाच मिनिटे. एवढी काटकसर करायची म्हणजे मोठे बदल लोक झोपलेले असताना, मध्यरात्र ते पहाट या वेळेतच करावे लागतात. पाळ्या फिरत्या असतात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला सारे कुटुंब चर्चमध्ये असते आणि घरातील अभियंता पडद्यासमोर बसलेला असतो, कारण शुभेच्छांचा ओघ त्याच रात्री वाढतो. लग्न ठरवताना ही बाब दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलून घ्यावी. मुलींच्या बाबतीत घरचे लोक रात्रपाळीचे नाव काढताच नकार देतात. रात्री कामावर असलेल्या महिलांना घरापर्यंत वाहन व सुरक्षा आहे का, हे मुलाखतीतच विचारावे. उत्तर समाधानकारक असेल तर अडविण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. शिवाय आराखडा, नियोजन, सुरक्षा ही कामे बव्हंशी दिवसाची असतात.

याहून अधिक काळजी कंत्राटाची घ्यावी. टॉवरवर एका कंपनीचे नाव असते, देखभाल दुसरीकडे, मनुष्यबळ तिसऱ्याचे आणि मुलाच्या हाती नेमणूकपत्र चौथ्याचे. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मिळाला का व दरमहा रक्कम जमा होते का, हे त्याने स्वतः पाहावे. टॉवरवर चढणाऱ्यास रिगर म्हणतात. संपूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा आणि विमा नसेल तर कोणी कितीही घाई केली तरी वर चढू नये. सुरुवातीचा पगार एखाद्या गोदामातील पर्यवेक्षकाहून कमी भरण्याची शक्यता असते. काल्हेरसारख्या गावात, जेथे गोदामातील काम दारातच मिळते, तेथे अठराव्या वर्षी ही तुलना मोठी टोचणारी ठरते. तीन वर्षांची पदविका अर्धवट सोडून मुले त्या कामाला लागतात, ती याच ठिकाणी. त्यांना दोष देणे सोपे आहे. घरात दुसरी मिळकत नसेल तर आयटीआय व उमेदवारी, किंवा दिवसा गोदाम व संध्याकाळी अभ्यास, असा मधला मार्ग घरच्यांनी मिळून काढावा. गोदामातच संगणक विभागाच्या माणसाबरोबर उभे राहून शिकण्याची संधी असते, ती सहसा कोणी मागत नाही.

आखातात जाण्याची ओढ आपल्याकडे जुनी आहे आणि तेथे दूरसंचार अभियंत्यांना मागणीही असते. परंतु अनुभवाशिवाय गेलेल्याला पहिल्या पायरीचेच काम मिळते. भारतात तीन-चार वर्षे काढून, एखादे उच्च प्रमाणपत्र मिळवून जाणे हितावह. एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येते. त्याला घेता येणाऱ्या सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये अधिक कर एवढी आहे. याहून जास्त मागणाऱ्याशी व्यवहार करू नये. देशातच सन्मानाची सेवा हवी असेल तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून भारतीय दूरसंचार सेवेत जाता येते. सैन्याच्या सिग्नल्स विभागालाही अशी माणसे लागतात.

राहता राहिली प्रमाणपत्रे. सिस्को कंपनीचे सीसीएनए हे पहिले, त्यानंतर सीसीएनपी आणि सर्वांत वर सीसीआयई, ज्याची प्रात्यक्षिक परीक्षा सलग आठ तास चालते. सीसीएनए तीन वर्षांनी संपते व नूतनीकरण करावे लागते. ही प्रमाणपत्रे उपयोगी आहेत यात शंका नाही. परंतु चोरून मिळविलेले प्रश्न, ज्यांना 'डंप' म्हणतात, पाठ करून ती मिळविण्याची चाल बोकाळली आहे, आणि मुलाखत घेणाऱ्यांनाही ती ठाऊक आहे. ते फलकावर एक साधे चित्र काढतात : दोन संगणक, मध्ये एक स्विच, एक राउटर. पहिला संगणक दुसऱ्याला पहिला निरोप कसा पाठवील, हे टप्प्याटप्प्याने सांगा, म्हणतात. पाठांतर करणारा तिसऱ्या वाक्याला अडतो.

म्हणून क्लासचे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी एक संध्याकाळ तेथे जाऊन बसावे. खरी स्विच व राउटर किती आहेत, एका यंत्रावर किती मुले बसतात, शिकविणाऱ्याने स्वतः जाळ्यावर किती वर्षे काम केले आहे, हे विचारावे. गेल्या वर्षी नोकरी लागलेल्या दोघांशी बोलता येईल का, तेही विचारावे. तोवर मुलाला किंवा मुलीला घरच्या जुन्या संगणकावर कामाला लावता येते. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर व वायरशार्क ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात, आणि आयआयटीच्या प्राध्यापकांची नेटवर्किंगवरील व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात. दोन महिने रोज एक तास दिल्यावर तिला किंवा त्याला यात रस आहे की नाही, हे घरातच कळते.